गाडी पंक्चर झाली, एसटी चुकली, चप्पल तुटली की त्या अर्ध्या तासाचं काय करायचं

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये कराडहून चिपळूणला बाइकवर चाललो होतो. पाटण मागे पडलं आणि हेळवाकच्या थोडं अलीकडे मागचं चाक एकदम लडबडायला लागलं, उतरून बघितलं तर टायर पार बसलेला. वरून भुरभुर पाऊस. ढकलत ढकलत अर्धा पाऊण किलोमीटर गेलो तेव्हा पत्र्याची एक शेड दिसली, बाहेर जुने टायर टांगलेले. पंक्चरवाला म्हणाला हातात ट्रॅक्टरचं चाक आहे, तुमच्या गाडीला अर्धा पाऊण तास लागेल, बसा. बाकड्यावर एक आजोबा आधीपासून बसलेले होते, डोक्यावर टोपी, मांडीवर खताच्या गोणीची घोंगशी करून घेतलेली.

त्या पाऊण तासात माझ्या आजीच्या माहेरची माणसं सापडली. म्हणजे जी माणसं घरातले सगळे साठ वर्षं "कुठे गेली कुणास ठाऊक" म्हणत होते, ती.

ते कसं झालं ते सांगतोच, पण नुसती गोष्ट सांगायला लिहीत नाहीये. त्या दिवसानंतर मी नीट लक्ष द्यायला लागलो की असं कधी होतं आणि कधी होत नाही, आणि माझं मत पक्कं झालंय की कोण भेटेल ते आपल्या हातात नाही पण भेटायला जागा ठेवायची की नाही हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. गाडी बंद पडते, बस चुकते, पावसात अडकतो, तेव्हा आपण थांबलेले असतो आणि आपल्याला कुणाची तरी गरज असते. एरवी दिवसभरात या दोन्ही गोष्टी एकत्र येतच नाहीत. स्टॅनली मिलग्रॅम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर लिहिलंय, रोज एकाच स्टेशनवर एकमेकांना बघणारी पण कधीच न बोलणारी माणसं, त्यांना त्याने ओळखीचे अनोळखी म्हटलं, आणि त्याचं निरीक्षण असं की हीच माणसं नेहमीच्या जागेपासून लांब कुठे समोरासमोर आली की पटकन बोलतात. मुंबईत लोकलने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, वर्षभर ज्याच्याशी नजरेपलीकडे काही नव्हतं तोच माणूस कोल्हापूरच्या स्टँडवर दिसला की आपण "अरे तुम्ही सकाळच्या फास्टला असता ना" म्हणत हात पुढे करतो.

तर आता करायचं काय.

सगळ्यात आधी स्वतःचा जीव आणि गाडी. ही पायरी गाळायची नाही. घाटात वळणावर गाडी बंद पडली असेल तर तिथे थांबून फोन लावत बसायचं नाही, इंडिकेटर चालू ठेवून, जमेल तेवढं ढकलून सरळ रस्त्याला डोंगराच्या बाजूला घ्यायची. हायवेला असाल तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर आहे, कुठेही काही धोक्याचं वाटलं तर ११२. घरी एका माणसाला कळवायचं, कुठे आहे, काय झालंय, आणि लाइव्ह लोकेशन टाकून द्यायचं. अंधार पडला असेल तर उजेड आणि वर्दळ असलेल्या जागी जायचं, पेट्रोल पंप, चालू असलेला ढाबा, स्टँड. मुलींनी एकटं असताना तर आधी हेच, माणसं भेटणं वगैरे सगळं त्यानंतर. माझी बहीण जिल्ह्यात फिरतीची नोकरी करते, तिचा नियम असा की जिथे कुटुंबं जेवायला बसलेली दिसतात तिथेच थांबायचं, आणि मला तो नियम एकदम पटतो.

हे सगळं पाच दहा मिनिटांत होतं. त्यानंतर आपण काय करतो? फोन काढतो आणि खाली मान घालतो. इथेच सगळं जातं. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी एक प्रयोग केला होता, स्वतःला नशीबवान समजणारी आणि कमनशिबी समजणारी अशी दोन्ही प्रकारची माणसं घेतली, सगळ्यांना एक पेपर दिला आणि सांगितलं यातले फोटो मोजा. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की मोजणं थांबवा, या पेपरात ४३ फोटो आहेत. नशीबवान म्हणवणाऱ्यांना ते जास्त करून दिसलं आणि दुसऱ्यांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटलं, कारण ते फोटो मोजण्यात गढलेले होते. बस चुकल्यावर आपण तेच करत असतो, पुढची गाडी किती वाजता, आता उशीर किती होणार, साहेब काय म्हणतील, हेच मोजत बसतो आणि शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून घरी कळवून झालं की फोन खिशात, इअरफोन बॅगेत, आणि मान वर. बॅटरीही वाचते, अडकलेल्या दिवशी ती लागतेच.

मग बसायचं कुठे हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचा कुणी विचारच करत नाही. गाडीत काचा वर करून बसलात तर कुणी येणार नाही. स्टँडवर कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकावर बसलात तरी नाही. जिथे काहीतरी काम चालू आहे तिथे बसायचं. पंक्चरच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, रसवंतीवर, स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीजवळ. काम चालू असलं की सगळ्यांचे डोळे त्या कामाकडे असतात, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही आणि बोलायला विषय आपोआप समोर असतो. दोन माणसं समोरासमोर नुसती बसली तर बोलणं सुचत नाही, पण दोघं मिळून पाण्याच्या घमेल्यात बुडवलेल्या ट्यूबकडे बघत असतील तर पहिला बुडबुडा आला की कुणीतरी बोलतंच, "हां, हितं हाय बघा."

खेडेगावात संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर आणखी एक जागा आहे, वस्तीची गाडी. म्हणजे जी एसटी रात्री गावातच मुक्कामाला थांबते आणि पहाटे सुटते ती. तिचे ड्रायव्हर कंडक्टर ज्या हॉटेलात चहा घेतात तिथे जाऊन बसा. त्यांना त्या रूटवरचं एकूण एक घर माहीत असतं, कुणाकडे सोय होईल, दुधाचा टेम्पो किती वाजता खाली उतरतो, कुणाची जीप सकाळी तालुक्याला जाते, सगळं. एकदा माझी गाडी माझ्याच उशिरामुळे चुकली होती, तेव्हा अशा एका कंडक्टरनी मला शाळेतल्या गुरुजींकडे नेऊन सोडलं, आणि रात्री जेवताना त्या गुरुजींनी त्यांची तीस वर्षांची पक्ष्यांच्या नोंदींची वही काढून दाखवली. मी आजही दर हिवाळ्यात त्यांच्याकडे जातो.

आता बोलणं सुरू कसं करायचं. "मदत करा हो" असं म्हणायचं नाही, समोरच्याला कळत नाही नक्की काय करायचं आणि तो बिचकतो. छोटी, नेमकी गोष्ट मागायची. "दहा बाराचा पाना आहे का?" "चिपळूणला जायला आता काय मिळेल?" "दोन मिनिटं बॅग बघाल का, पाणी घेऊन येतो." एवढी छोटी गोष्ट करायला बहुतेक माणसं हो म्हणतात, आणि एकदा पाना दिला की तो माणूस तुमच्या गाडीत गुंतलाच, मग तो तुमच्या शेजारी उकिडवा बसून सांगायला लागतो की असं नाही तसं फिरवा. उलट तुमच्याकडेही देण्यासारखं काही असलं तर अजून बरं, पॉवर बँक, बिस्किटचा पुडा, पेन. पेनचं तर मला आश्चर्य वाटतं, बँकेत, रिझर्व्हेशनच्या लाइनीत, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर आजही पेन कुणाकडे नसतं आणि ज्याच्याकडे असतं त्याच्याशी दहा जण बोलतात.

बऱ्याच जणांना भीती असते की समोरच्याला नको असेल तर? शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज ट्रेनने बसने जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केले होते, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा. आधी विचारलं तेव्हा लोकांचा अंदाज होता की बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं जाईल, प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. शिकागोतल्या माणसांची ही गत असेल तर आपल्याकडे बाकड्यावर सरकून जागा देणाऱ्या माणसांबद्दल काय बोलायचं.

पहिल्या वाक्यानंतर दुसरं वाक्य आपल्याकडे तयारच असतं, गाव कुठलं? मराठीत याच्यासारखा प्रश्न नाही. पुण्यात तीस वर्षं राहणारा माणूससुद्धा याचं उत्तर पुणे देत नाही, तो म्हणतो तसं आमचं मूळ गाव अमुक, आणि तिथून नद्या, जत्रा, मामा, बदल्या, सगळं निघतं. पण एक कळकळीने सांगतो, गाव विचारा, आडनाव विचारू नका. आडनाव विचारलं की समोरच्याला वाटतं हा जात काढतोय, आणि खूपदा विचारणारा खरंच तेच करत असतो, आणि तिथे ते बोलणं संपतं. पगार, लग्न, मुलं किती हेही पहिल्या अर्ध्या तासात नको. गाव पुरेसं आहे. आणि गाव विचारल्यावर स्वतःचं सांगायची घाई करायची नाही, समोरच्याला बोलू द्यायचं.

तर हेळवाकला आजोबांनीच मला विचारलं, "पाव्हणं, गाव कुठलं?" मी म्हटलं राहतो पुण्यात, मूळचे वाईचे. ते म्हणाले बरं बरं. मग पंक्चरवाल्याने माझी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यात फिरवायला लागला, आम्ही दोघं बघत होतो. बुडबुडे दोन ठिकाणी आले. त्याने कानसने घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारत वाळवत बसला. आजोबा म्हणाले भूकंपात हितं सगळं पडलं होतं, मी शाळंत होतो. म्हणजे १९६७ चा कोयनेचा, ११ डिसेंबरचा. मी विचारत गेलो, ते सांगत गेले, रात्री थंडीत सगळे बाहेर कसे बसून राहिले ते. आणि मग मी सहज, खरंच सहज म्हणालो की माझ्या आजीचं माहेरही इकडचंच होतं, जावळी तालुक्यात, धरणात गेलं.

ते माझ्याकडे वळले. "म्हंजी बुडीत गावची की तुमची आजी. कुठलं गाव?"

मी नाव सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "कुणाची लेक?"

मी आजीच्या वडलांचं नाव सांगितलं, तेही मला घरात शंभरदा ऐकलेलं म्हणून आठवलं. त्यांना ते घर आठवत नव्हतं, पण त्या गावची पाच सहा घरं उठून खाली रायगडात गेली हे माहीत होतं, कारण त्यांच्या चुलत बहिणीला त्यातल्याच एका घरात दिलेली होती. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा माणसं अशीच पांगली, कुणी ठाण्याकडे, कुणी रायगडात, कुणी सोलापूर सांगलीकडे, आणि ज्या पोरींची लग्नं त्याच्या जरा आधी झाली त्यांना माहेर कुठे गेलं हे कळवायला पत्ताच उरला नाही. आजी त्यातलीच. आजोबांकडे बहिणीच्या पोराचा फोन नंबर होता, एका छोट्या डायरीत, डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. पंक्चरवाल्याने हात पुसून मला नंबर वाचून दाखवला कारण आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

मी त्या दिवशी नेमकं काय बरोबर केलं असेल तर एवढंच की फोनमध्ये नव्हतो, आणि आपल्याबद्दलची एक खरी गोष्ट बोलून गेलो. "मी आयटीत आहे" या वाक्याला धरायला काही नसतं. आजीचं माहेर, आपण शोधतोय ती खोली, आपल्याला शिकायची असलेली गोष्ट, वडलांचं दुखणं, असं काही बोललं तरच समोरच्याला कळतं की याला काय लागतंय. माझ्या एका मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा दादरला तुटला, दुरुस्तीवाल्या काकांच्या पुढ्यात एक पाय वर्तमानपत्रावर ठेवून ती उभी होती, शेजारी एक बाई छत्रीची काडी बसवून घ्यायला आलेल्या. बोलता बोलता ही म्हणाली की दोन महिने खोली बघतेय, मिळत नाही. त्या बाईंच्या नणंदेची खोली त्याच आठवड्यात रिकामी होणार होती. आज तिला तिथे तिसरं वर्ष आहे.

मोठ्या संकटात तर हे सगळं आपोआप होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मुंबईत लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून चहा बिस्किटं वाटली, आणि त्या रात्रीच्या ओळखी अजून टिकवून असलेली माणसं मला माहीत आहेत. मला एवढंच म्हणायचंय की त्यासाठी पूर यायची वाट बघायला नको, पिकअप शेडखाली पावसाला आडोशाला थांबलेली चार माणसंही तशीच अडकलेली असतात, फक्त ती कमी वेळ अडकलेली असतात.

आता जिथे बहुतेक जण हातातलं घालवतात ते. गाडी येते, गडबड होते, "चला भेटू" म्हणतो आणि संपलं. तर गाडी यायच्या आधी नंबर घ्या आणि सेव्ह करताना नुसतं नाव टाकू नका, नाव, जागा आणि कारण तिन्ही टाका. माझ्या फोनमध्ये "दत्तू आजोबा हेळवाक पंक्चर" असं आहे. नुसतं दत्तू लिहिलं असतं तर सहा महिन्यांनी कोण ते कळलं नसतं. आणि दोन दिवसांच्या आत एक फोन करायचा, मेसेज नाही, फोन. "काका, नीट पोचलो" एवढंच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक फार गाजलेला लेख आहे, त्याचं म्हणणं असं की नवी माहिती, म्हणजे नोकरीची बातमी वगैरे, जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या तोंडओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. बाकड्यावर भेटलेला माणूस अगदी वेगळ्या वर्तुळातला असतो, म्हणून त्याच्याकडे आपल्याला लागणारं काहीतरी असायची शक्यता असते, आणि आपल्याकडे त्याला लागणारं. हे दुसरं विसरायचं नाही. दत्तू आजोबांच्या नातवाला पुण्यात आयटीआयला ॲडमिशन हवी होती, फॉर्म भरायला तो आमच्याकडेच राहिला होता.

काही ठिकाणी मात्र गप्प बसावं. समोरचा एका शब्दात उत्तर देत असेल, नजर वळवत असेल, तर सोडून द्यायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं, गाव नंतर. एकट्या बाईशी पुरुषाने बोलताना अंतर ठेवून, चारचौघांत, आणि तिने नंबर दिला नाही तर मागायचा नाही. आणि राँग नंबरवरून आलेल्या फोनला यात धरू नका, पूर्वी राँग नंबरवरून मैत्र्या झालेल्या मी ऐकल्यात पण आता तिकडून बहुतेक फसवणूकच येते. समोर बसलेला माणूस आणि स्क्रीनवरचा माणूस यात फरक आहे. ओटीपी, आधार, बँकेचं काही, हे बाकड्यावरच्या गप्पांत कधीच येत नाही, आलं तर उठा.

शेवटचं म्हणजे वेळ थोडी सैल ठेवा. शेवटच्या एसटीवर सगळं ठेवलं की ती चुकल्यावर डोकं फिरतं आणि त्या डोक्याने कुणाशीच नीट बोलता येत नाही. शक्यतो एक गाडी आधीची धरा. बाइकच्या डिकीत किंवा बॅगेत मी आता या गोष्टी ठेवतो: स्पेअर ट्यूब, पाना, नायलॉनची दोरी, पॉवर बँक, दोन पेनं, प्लॅस्टिकची मोठी पिशवी, शेंगदाण्याची चिक्की. चिक्की बिस्किटापेक्षा बरी, मोडून देता येते.

त्या दिवशी मी चिपळूणला पोचल्यावर पुण्याला आजीला फोन केला आणि नंबर आईला लिहून घ्यायला सांगितला. आजी तेव्हा ऐंशीची होती. तिची एक चुलत बहीण रायगडात त्या वस्तीत अजून होती, ती ऐकायला कमी, म्हणून तिकडे सुनेने फोन कानाला धरला आणि इकडे आईने. आई सांगते, दोघी आधी कितीतरी वेळ एकमेकींच्या वडलांची नावं विचारून खात्री करत होत्या, आणि मग आजीने विचारलं, "देवाला वर नेलं होतं ना गं, पाणी यायच्या आधी?" तिकडून उत्तर आलं की नेलं, मूर्ती आमच्याकडे आहे, चैत्रात ये.

चैत्रात आम्ही गाडी करून तिला घेऊन गेलो.